गाळलेली फुंकर

"आत्या, यातली काही पानं छोटी आहेत."

माझी सात वर्षांची भाची एवढं म्हणाली, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि आत मांजराकडे निघून गेली. बोलण्यात तक्रार नव्हती, लबाडी पकडल्याचा आनंदही नव्हता. शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज तिने सांगितलं होतं. मी दोन संध्याकाळी बसून ती वही बनवली होती. पानं फर्रकन सोडायची, सगळी कोरी. पुन्हा सोडायची, तर पानापानावर चित्रं. मासा, छत्री, बैलगाडी, पतंग. वही बिनचूक चालली होती. एकही चित्र चुकून आधी डोकावलं नव्हतं. आणि तरी समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. तिने हात पुढे केला, वही घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. मांजराला मारलेल्या तिच्या हाका आतून ऐकू येत होत्या आणि मी ती वही धरून तशीच बसले होते. पुढे आठवडाभर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बसच्या रांगेत, रात्री दिवा मालवल्यावर, ते वाक्य येऊन टोचत राहिलं.

सूचना लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. मिक्सर, गीझर, पाण्याचा फिल्टर, बाळाचा पाळणा, यांच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं जे पत्रक असतं, त्यातला मराठी मजकूर माझ्यासारखं कुणीतरी लिहीत असतं. बहुतेक घरांत ते खोक्याबरोबरच रद्दीत जातं. पण रात्री साडेअकराला गीझरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि घरात एकटी असलेली एखादी बाई माळ्यावरचं खोकं काढून तेच पत्रक शोधते, तेव्हा त्यातलं एकेक क्रियापद तिच्या उपयोगी पडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून माझी एक पद्धत आहे. पत्रक आधी पूर्ण वाचायचं नाही. एक ओळ वाचायची, तेवढंच हाताने करायचं, मग पुढची ओळ. हात जिथे थबकेल तिथे पेन्सिलीने टिंब. शेवटी टिंबं मोजली की पत्रकाचं दुखणं कुठे आहे ते कळतं. मुलांसाठी 'स्वतः बनवा' प्रकारची खोकी विकणाऱ्या एका छोट्या कंपनीने जादूच्या खेळांचं पत्रक तपासायला पाठवलं, तेव्हा नुसता मजकूर नको, साहित्यही पाठवा असं मी कळवलं. खोक्यात सहा खेळ होते. पहिला या वहीचा.

साहित्य चांगलं होतं. २४ सुटे कागद, दोन जाड पुठ्ठे, बांधायला पाय फाकवायच्या दोन पितळी पिना, आणि कागदांच्या कोपऱ्यात फिकट निळ्या शाईत छापलेले १ ते ४८ आकडे. खोकं उघडल्यावर शाळेच्या पहिल्या दिवसाचा वास आला, कोरा कागद आणि किंचित डिंक. पण तिसऱ्याच ओळीला माझा हात थबकला. 'सम क्रमांकाची पाने २ मिमी कापा.' मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. आपण मराठीत पान दोन्हीला म्हणतो. वहीतून पान फाटलं म्हणतो तेव्हा अख्खा कागद फाटलेला असतो, आणि बातमी पान ३ वर आली म्हणतो तेव्हा त्या कागदाची फक्त एक बाजू डोळ्यांपुढे असते. आता कुठल्याही कागदाच्या एका तोंडावर विषम आकडा असतो आणि पाठीवर सम. ३ आणि ४ एकाच कागदाचे. सम पानं कापायची म्हटली तर चोवीसच्या चोवीस कागद कापावे लागतात, आणि सगळेच कापले की लहान-मोठं काही उरतच नाही, वही नुसती दोन मिलिमीटरने अरुंद होते. मूळ इंग्रजी मजकुरात बहुधा दोन वेगळे शब्द असणार, भाषांतर करताना दोन्हींच्या जागी पान बसलं. मी टिंब दिलं आणि शेजारी लिहिलं: पहिला कागद तसाच ठेवा. दुसऱ्या कागदाची, म्हणजे ज्याच्यावर ३ आणि ४ छापलंय त्याची, बांधणीच्या समोरची उघडी कड कापा. तिसरा तसाच. चौथा कापा. चार वाक्यं लागली, पण दहा वर्षांचं मूल एकटं बसून ती करू शकेल.

वहीचं गुपित इथे उघडं करते आहे, याचं मनावर ओझं नाही. ते चारशे वर्षांहून जास्त काळ छापील पुस्तकात आहे. एक कागद लांब, एक आखूड, असे आळीपाळीने लावलेले असतात. अंगठा पुढच्या पुठ्ठ्याकडून मागे नेत पानं सोडली की त्याला फक्त लांब कागद लागतात. आखूड कागद आपल्या आधीच्या लांब कागदासोबत पडतो आणि डोळ्यांपुढे ४-५, ८-९, १२-१३ एवढ्याच जोड्या उघडतात. मागच्या पुठ्ठ्याकडून पुढे आलं की तोच आखूड कागद नंतरच्या लांब कागदासोबत जातो आणि २-३, ६-७, १०-११ या जोड्या दिसतात. चित्रं फक्त या दुसऱ्या जोड्यांवर काढायची. बस्स, एवढंच. हे पहिल्यांदा हाताला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर आमटी उकळत होती आणि मी पुढून मागे, मागून पुढे पानं सोडत होते, कोरी, भरलेली, कोरी, भरलेली. कागदाच्या कडेला नुसती एक पट्टी नाही आणि तेवढ्यावर अख्खी वही दुपदरी होते, याचा मला फार आनंद झाला होता.

दोन मिलिमीटर मात्र पुरत नव्हते. दर सहा-सात पानांनंतर अंगठा चुकून आखूड कागदाला लागायचा आणि कोऱ्या वहीत मध्येच छत्री चमकून जायची. मी तीन केले, चाललं. दुसरी वही करून पाच करून पाहिले, तर कड लांबूनसुद्धा करवतीच्या दात्यांसारखी दिसायला लागली. तीनवर ठरलं. तरीही काही कागद ताठ उभे राहत, वळतच नसत. ते घेऊन मी अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी एक कागद हातात घेतला, उभा वाकवला, आडवा वाकवला, कानाजवळ नेऊन पुन्हा वाकवला. "हा आडवा कापलाय," म्हणाले. कापडासारखंच कागदालाही उभं-आडवं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी कडेची एक पट्टी कापली, बोट ओलं करून तिच्यावरून फिरवलं आणि पट्टी माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूने नळीसारखी वळली. ज्या दिशेला नळी उभी राहिली ती कागदाची उभी दिशा, आणि ती वहीच्या पाठीला समांतर असली की पान पाण्यासारखं वळतं. कंपनीच्या २४ कागदांत नऊ आडवे निघाले. मी ते सगळं अहवालात लिहिलं, मापं लिहिली, कागदाची दिशा लिहिली. एकूण अकरा टिंबं झाली होती. माझ्या मते तपासणी पूर्ण झाली होती.

पत्रकातली शेवटची, नववी पायरी अशी होती: 'आता प्रेक्षकांना चकित करा.'

त्या ओळीला मी टिंब दिलं नव्हतं.

हात तिथे थबकलाच नव्हता, कारण तिथे हाताला काही कामच नव्हतं. मी ती ओळ वाचली, ठीक आहे म्हटलं आणि भाचीला हाक मारली. गीझरच्या पत्रकात 'आता गरम पाण्याचा आनंद घ्या' असतं, तसं काहीतरी असेल, अशा समजुतीने मी पुढे गेले. आज वाटतं, आठ पायऱ्यांत मी वही तपासत होते आणि नवव्या पायरीत वही संपून एक जिवंत मुलगी सुरू झाली होती, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली होती.

त्या आठवड्यात मी या वहीचं मूळ शोधत बसले. १५८४ साली लंडनमध्ये रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या केंट परगण्यातल्या एका गृहस्थाने 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हा जाडजूड ग्रंथ छापला. गावोगावच्या म्हाताऱ्या, गरीब बायांना चेटकीण ठरवून त्यांचा जीव घेतला जात होता, ते पाहून त्याने लेखणी उचलली होती. त्या ग्रंथातल्या एका भागात तो नाण्यांचे, गोळ्यांचे, पत्त्यांचे, दोऱ्यांचे खेळ उलगडून दाखवतो. यात सैतान नाही, हातचलाखी आहे, हे वाचणाऱ्याला पटावं म्हणून. तिथे ही वही आहे. सात इंच लांब, पाच इंच रुंद, सात गुणिले सात म्हणजे ४९ कागद, आणि कडेला इंचाइंचावर खाचा. त्याची वही माझ्या वहीपेक्षा कितीतरी अवघड, दोनऐवजी सात तऱ्हा दाखवणारी. जुन्या इंग्रजीतली ती वाक्यं मी ओठ हलवत, अडखळत वाचली. खाचेची खोली त्याने पाव इंचाच्या निम्मी दिली आहे. मी मोजपट्टी काढली. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. स्वयंपाकघरात कागद वाया घालवून जे माप मला सापडलं होतं, ते त्याने लिहूनच ठेवलं होतं. कागद वेगळा, कात्री वेगळी, पण माणसाचा अंगठा तेवढाच राहिला आहे. आणि कागद कुठे, पृष्ठ कुठे, हे त्याने प्रत्येक ठिकाणी नीट वेगळं सांगितलं आहे. सूचना लिहिणाऱ्या त्या माणसाविषयी मला एकदम जवळीक वाटली. त्याच जागी समासात एक टीप आहे, तिचा आशय असा की ही करामत शब्दांनी शिकवण्यापेक्षा करून दाखवली तर लवकर येते. माझ्या व्यवसायातली सगळ्यात जुनी कबुली मला अशी समासात भेटली. आणि या वहीला इंग्रजीत पुढे जे नाव पडलं ते आहे 'ब्लो बुक'. फुंकरीचं पुस्तक. बघणाऱ्याने पानांवर फुंकर मारायची आणि चित्रं बदलायची, म्हणून.

फुंकर. आमच्या पत्रकात ती कुठेच नव्हती.

साताऱ्याला आमच्या आजोळच्या वाड्यात मे महिन्याच्या सुट्टीत गारुडी यायचा. आधी बोळातून डमरू ऐकू यायचं, मग मुलांचा लोंढा, मग तो. झोळी, दोन टोपल्या, एक काळवंडलेली पितळी वाटी. आम्ही मुलं चौकात गोल बसायचो, फरशी तापलेली असायची, बायका ओटीवर उभ्या. एकदा त्याने माझ्याकडे बोट केलं. मी पाच-सहा वर्षांची असेन. मी गेले. त्याने चौकातल्या तुळशीवृंदावनाजवळची चिमूटभर माती मुठीत घेतली, मूठ माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाला, "फुंक मार, बेटी." मुठीला विडीचा वास होता, अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं, पोलादी कडं मनगटावर खाली आलं होतं. माझे ओठ कोरडे पडले होते. पहिली फुंकर निघालीच नाही. तो थांबला. घाई केली नाही. त्या थांबण्यात सगळा वाडा माझ्याकडे बघत होता, आजी ओटीवरून बघत होती, आणि मी पुन्हा श्वास घेतला आणि फुंकले. मुठीतून काय निघालं ते मला आठवत नाही. माझा भाऊ म्हणतो बत्तासा, मामेबहीण म्हणते पावली. मला फक्त तो वास आठवतो, ते नख आठवतं, आणि छातीतून निघून त्या मुठीवर जाऊन आदळलेला माझा श्वास आठवतो. माती बदलली ती माझ्यामुळे. कितीतरी दिवस मी गुपचूप दगडांवर, चिंचोक्यांवर, आजीच्या जपमाळेवर फुंकर मारून बघत होते.

आणि याच्या नेमकं उलट वाटावं असं एक बसणं माझ्या आठवणीत आहे. सातवीत असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते शाळेत आले होते. दाभोलकरांनी समिती सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील, शाळाशाळांतून असे कार्यक्रम व्हायचे. त्यांनी एक तांब्या आणला होता. उपडा केला, पाणी सगळं बादलीत. थोड्या वेळाने पुन्हा उपडा केला, पुन्हा पाणी. असं चारदा. जादूगार पी. सी. सरकार हाच खेळ आपल्या कार्यक्रमात अधूनमधून करून दाखवत, 'वॉटर ऑफ इंडिया' नावाने, हे मला फार नंतर कळलं. आमच्या शाळेत मात्र कार्यकर्त्यांनी खेळ संपल्यावर तांब्या बाकाबाकांवरून फिरवला. आत आणखी एक भांडं, दोन्हींच्या मधल्या पोकळीत पाणी, तळाशी दोन्हींना जोडणारं एक भोक, आणि वर काठाजवळ मोहरीएवढं दुसरं भोक. वरच्या भोकावर बोट ठेवलं की हवा आत जात नाही, पोकळीतलं पाणी जागचं हलत नाही. बोट उचललं की हवा शिरते आणि पाणी आतल्या भांड्यात उतरतं. तांब्या माझ्या बाकावर आला तेव्हा मी बोट ठेवलं, उचललं, आणि बोटाच्या टोकाला आत ओढली जाणारी गार हवा लागली. तो माझा दुसरा चमत्कार. गुपित कळल्याने तांब्या लहान झाला नाही. घरी येऊन मी आईला जेवणं होईपर्यंत तेच सांगत होते. आपल्याला खोटं पाडण्यासाठी कुणी तो उघडला नव्हता. आपल्या हातात देण्यासाठी उघडला होता.

दोघांपैकी खरा कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही. एकाने माझा श्वास मागितला, दुसऱ्याने माझं बोट. दोघांनीही मला खेळात घेतलं होतं. आणि मी भाचीला? तिला समोर बसवून वही तिच्या नाकापुढे दोनदा फर्रकन सोडली होती. ती बोलली तेव्हा गप्प बसले होते. तिला मी थक्क केलं नाही आणि समजावलंही नाही. मनात जे टोचत होतं ते हे होतं.

मग एका रात्री कपाटाच्या आरशासमोर उभी राहून मी खेळ करून पाहिला. या वेळी वहीकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. पुढून मागे पानं सोडली. कोरी. आता मागून पुढे सोडायची, तर वही मिटायला हवी, पकड बदलायला हवी, अंगठा पुढच्या पुठ्ठ्यावरून मागच्या पुठ्ठ्यावर जायला हवा. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत आरशातली बाई काहीच बोलत नव्हती आणि बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. सगळा खेळ त्या अंगठ्यात उघडा पडला होता. भाचीने कडेवरून बोट फिरवलं यात नवल काय? मी तिला दुसरीकडे बघायला जागाच दिली नव्हती. मग मी वही मिटून आरशातल्या माणसाच्या तोंडापाशी नेली. हात पुढे जाताना वही आपोआप फिरते, पकड सैल होते, अंगठा सहज मागे जातो, कारण कुणाच्या तोंडाशी वस्तू धरायची तर आपण ती तशीच धरतो. समोरचं माणूस त्या क्षणी वहीकडे बघतच नसतं. ते श्वास भरत असतं. फुंकताना डोळे अर्धवट मिटतात, करून बघा. आणि वही परत आली की अंगठा जागेवर असतो. फुंकरीची पायरी सजावट समजून पत्रकातून गाळली गेली असेल असं मी धरलं होतं. ती सजावट नव्हतीच. घराची तुळई होती. शिवाय फुंकरीने आणखी एक काम होतं. कोरी पानं भरली, तर का भरली, हे मूल विचारणारच. कारण दिलं नाही तर ते कारण शोधायला कडेपर्यंत जाईल. फुंकरीने त्याला कारण मिळतं, आणि ते कारण त्याचं स्वतःचं असतं.

अहवालात मी बारावं टिंब दिलं आणि नववी पायरी नव्याने लिहायला घेतली. चार दिवस लागले. 'वही मिटा. समोरच्याच्या तोंडाजवळ धरा. फुंकर मारायला सांगा.' एवढं सोपं आहे. पण गारुडी थांबला होता ते कसं लिहायचं? पहिली फुंकर निघाली नाही तर घाई करू नका, असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. 'फुंकर पूर्ण होईपर्यंत वहीकडे नाही, समोरच्याकडे बघा,' हे वाक्य राहिलं. थक्क होण्याविषयी एक शब्दही नाही. ते समोरच्याचं आहे, त्याची आज्ञा आपण काढू शकत नाही. कंपनीने मजकूर घेतला, मापं घेतली, कागदाच्या दिशेविषयी कळवू म्हणाले. सहा ओळींच्या जागी पायरी तीन ओळींत बसवा असंही कळवलं, जागा कमी आहे म्हणून. मी भांडले. पाच ओळी मिळाल्या.

पुढच्या रविवारी भाची आली तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "कुठली पानं छोटी आहेत गं? दाखव मला." तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग मांडी घालून बसली आणि एकेक पान उलटत गेली. हे मोठं. हे छोटं. हे मोठं. आठव्या-नवव्या पानाला तिचा आवाज हळू झाला. मग तिने अंगठ्याने पुढून पानं सोडली, मग मागून. मग पुन्हा पुढून. मी काही बोलले नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला त्या तांब्याच्या भोकावरच्या बोटापासून ओळखीचं आहे. त्या दुपारी आम्ही तिची वही केली. तीन मिलिमीटरची रेघ तिने स्वतः आखली, जीभ ओठाबाहेर काढून, आणि कापताना दोन कागद बिघडवले. चित्रं तिचीच: मांजर, मांजर, इडली, मांजर झोपलेलं. फुंकरीचं मी तिला सांगितलं. नीट ऐकून घेतलं तिने.

तरी एक हुरहुर राहिलीच. तिला ही वही पहिल्यांदा बघताना मी पाहणार होते, ते आता कधीच होणार नाही. एखाद्याची पहिली वेळ आपल्या हाती दिली जाते आणि आपण ती पत्रक वाचत घालवतो.

संध्याकाळी आई देवापुढे दिवा लावून खुर्चीत येऊन बसली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला आता जवळचं चांगलं दिसतं. भाची वही घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, पाय जुळवून, शाळेत कविता म्हणायला उभी राहते तशी. वही मिटलेलीच आजीच्या तोंडाशी नेली आणि म्हणाली, "आजी, फुंक." आईने चष्मा वर केला आणि फुंकर मारली. भाचीने पानं सोडली. पण अंगठा चुकीच्या बाजूला होता. आधी कोरी पानं दाखवायची ती विसरली होती, आणि आता फुंकरीनंतर पानं आली तीही सगळी कोरी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात कणीक. पोटात गोळा आला. भाचीने वहीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"अगं आजी, तू केवढ्या जोरात फुंकलीस! चित्रं उडून गेली ना सगळी."

आई दचकली. तिने खरोखर खुर्चीच्या आजूबाजूला पाहिलं, पदर झटकला. मग वाकून भाचीच्या कानाशी गेली आणि विचारलं, "मग आता श्वास आत ओढू का?"

भाचीने मान डोलावली. अंगठा मागच्या पुठ्ठ्यावर गेला, आई ओठांचा चंबू करून श्वास आत ओढत होती, आणि पानं सुटायला लागली.